शंका-समाधान : हे उपकरण तेच, कशावरून?

जाळ्याला जोडलेल्या उपकरणांची ओळख हार्डवेअरवरून कशी पटवावी, यावर आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरांत ‘खासगी किल्ली’ आणि ‘सार्वजनिक किल्ली’ हे शब्द प्रायव्हेट की आणि पब्लिक की या अर्थाने वापरले आहेत. पहिलीने सही होते, दुसरीने ती सही पडताळता येते. नुसतं ‘की’ लिहिलं तर वाक्य वाचताना घोटाळा होतो.

प्रश्न : आमच्या गेटवेवर फक्त नोंद केलेल्या मॅक पत्त्यांच्या (नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर-पत्त्यांच्या) सेन्सरना प्रवेश आहे. तरीही एक परका बोर्ड नोंदीतल्याच पत्त्यावर आत आला. आता मॅकऐवजी मायक्रोकंट्रोलरमधला ९६ बिटांचा कारखाना-क्रमांक घेऊन त्याचा एसएचए-२५६ हॅश (गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) पाठवायचा विचार आहे. तेवढं पुरेल का?

नाही पुरणार. क्रमांक लांब केला किंवा त्याचा हॅश घेतला, तरी तो क्रमांकच राहतो. आज तुमचा सेन्सर तो हॅश पाठवेल, उद्या तोच हॅश ऐकून घेतलेला कुणीही पाठवेल. गेटवेला दोघांत फरक दिसणार नाही.

मॅक पत्ता ४८ बिटांचा. पहिले २४ बिट बनवणाऱ्याला आयईईई देते, उरलेले तो स्वतः वाटतो. पण हा पत्ता फ्रेमवर लिहिण्याचं काम सॉफ्टवेअरचं आहे, त्यामुळे लिनक्समध्ये एका ओळीच्या आज्ञेने तो बदलतो. शिवाय वाय-फाय कूटबद्ध असलं तरी फ्रेमच्या माथ्यावरचे पत्ते उघडेच जातात. पत्त्यातला दुसरा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता जागेवर ठरवलेला आहे, कारखान्याचा नाही. नव्या फोनवर असे पत्ते सर्रास दिसतात, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून प्रत्येक वाय-फाय जाळ्यासाठी वेगळा, यादृच्छिक पत्ता वापरणं हीच मूळ रीत झाली आहे.

९६ बिटांच्या क्रमांकाची गोष्टही फार निराळी नाही. एसटीएम३२ च्या बऱ्याच मालिकांत या क्रमांकात चिप वेफरवर कुठे होती ते एक्स-वाय स्थान, वेफरचा क्रमांक आणि लॉटचा क्रमांक असतो. म्हणजे एकाच लॉटमधल्या दोन चिपचे क्रमांक शेजारशेजारचे निघू शकतात. चिपवर चालणारा कुठलाही कोड तो वाचू शकतो. मालाची नोंद ठेवायला तो उत्तम आहे, पण त्याला पासवर्ड समजू नका.

पुरावा हवा असेल तर चिपमध्ये असं काहीतरी हवं जे कधीच तारेवर येत नाही. सर्व्हरने दर वेळी नवा यादृच्छिक आकडा पाठवायचा (३२ बाइट ठेवा, काटकसर करू नका) आणि उपकरणाने त्या गुपिताच्या जोरावर उत्तर द्यायचं. सहीसाठी वेगळी चिप परवडत नसेल तर एचएमएसी (गुप्त किल्ली मिसळून काढलेला हॅश) वापरा. मात्र सगळ्या उपकरणांत एकच किल्ली टाकू नका, एक बोर्ड फुटला की सगळा ताफा गेला. सर्व्हरकडे एक मूळ किल्ली ठेवा आणि तिच्यापासून उपकरणाच्या क्रमांकावर एचएमएसी काढून प्रत्येकाची स्वतंत्र किल्ली बनवा. उपकरणात फक्त ही बनवलेली किल्ली जाते. तुमचा ९६ बिटांचा क्रमांक इथे खरोखर कामी येतो.

प्रश्न : एटीईसीसी६०८बी ही किल्ली सांभाळून सही करणारी चिप आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या बसवर जोडली आहे. कधी उठते, कधी उठत नाही. यादृच्छिक आकडा मागितला तर दर वेळी ‘एफएफ एफएफ ०० ००’ असाच साचा येतो. आणि सही मिळाली तरी सर्व्हर चारातल्या तीन वेळा नाकारतो. चिप खराब आहे का?

चिप बहुधा ठणठणीत आहे. तुम्हाला तीन वेगवेगळ्या अडचणी आल्या आहेत.

आधी उठण्याची. झोपलेल्या चिपला जागं करायला एसडीए, म्हणजे डेटाची तार किमान ६० मायक्रोसेकंद खाली धरावी लागते. त्यानंतर सुमारे दीड मिलिसेकंद थांबायचं आणि मग वाचायचं. ‘०४ ११ ३३ ४३’ हे चार बाइट आले की चिप जागी आहे. बरीच उदाहरणं पत्ता शून्य पाठवून ही नाडी तयार करतात. १०० किलोहर्ट्झवर आठ शून्य बिट म्हणजे ८० मायक्रोसेकंद, काम होतं. बस ४०० किलोहर्ट्झवर नेली की तीच नाडी २० मायक्रोसेकंदांची होते आणि चिप झोपूनच राहते. तुमच्या फर्मवेअरमध्ये दुसरा कुठला ड्रायव्हर बसचा वेग बदलत असेल तर ‘कधी उठते, कधी नाही’ हेच लक्षण दिसेल. उठवण्यापुरता वेग १०० वर आणा, किंवा ती पिन साधी आउटपुट म्हणून हाताने खाली ओढा. एक उलटी गंमतही होते. बसवरच्या दुसऱ्या भागाशी १०० च्या वेगाने शून्यांनी भरलेला डेटा बोलताना ही चिप आपोआप जागी होते आणि वीज खात बसते. बॅटरीवरच्या उपकरणात हे महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही.

जागी झाल्यावर साधारण १.३ सेकंदांनी तिचा वॉचडॉग (आतला टायमर) तिला पुन्हा झोपवतो आणि ‘टेम्पकी’ या तात्पुरत्या जागेत भरलेला आकडा पुसला जातो. म्हणून आधी नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) भरायचा, मग नेटवर्कची वाट पाहायची आणि मग सही मागायची, असा क्रम ठेवू नका. नेटवर्कची कामं आधी उरका. उठवणं, नॉन्स आणि सही एका दमात करा. आज्ञा चालू असताना वाचायला गेलात तर चिप पत्त्याला होकारच देत नाही. तो दोष नाही, थोडं थांबून पुन्हा विचारा. आणि पत्ता तपासताना लक्षात ठेवा, माहितीपत्रकातला हेक्स सी० हा आठ बिटांचा पत्ता आहे. सात बिट मागणाऱ्या लायब्ररीत तो हेक्स ६० होतो.

यादृच्छिक आकड्याचा तो साचा म्हणजे कॉन्फिगरेशन विभाग अजून लॉक झालेला नाही, याची खूण. लॉक होईपर्यंत चिप मुद्दाम ठरावीक साचा देते आणि किल्लीही बनवून देत नाही. हा लॉक कायमचा असतो, मागे फिरता येत नाही, त्यामुळे घाई नको. १२८ बाइटांचा हा विभाग लिहा (पहिले १६ बाइट कारखान्याचे, ते बदलत नाहीत), पूर्ण परत वाचा, बाइट-बाइट जुळवा आणि लॉकची आज्ञा सीआरसीसह (मजकुराच्या तपासआकड्यासह) द्या. मजकूर तुमच्या समजुतीपेक्षा वेगळा असेल तर चिप लॉक नाकारेल. सीआरसीशिवायचा लॉक सोपा वाटतो आणि त्यानेच चिपा वाया जातात. कामाला लागण्यापूर्वी पाच-दहा चिपा ‘बळी’ म्हणून बाजूला काढाच. त्यानंतर ठरलेल्या स्लॉटमध्ये किल्ली चिपच्या आतच बनवायला सांगा, सार्वजनिक किल्ली बाहेर घेऊन तिची नोंद करा आणि मग डेटा विभाग लॉक करा. खासगी किल्ली संगणकावर बनवून चिपमध्ये ढकलण्याची सोय आहे, पण मग ती किल्ली त्या संगणकावर होती हे कायम लक्षात ठेवावं लागतं.

आता सही. ‘चारातल्या तीन’ हा आकडाच रोगनिदान करतो. चिप ६४ कच्चे बाइट देते : सहीचे दोन आकडे, ३२ बाइट आर आणि ३२ बाइट एस. टीएलएस (सुरक्षित जोडणीची रीत) आणि बहुतेक सर्व्हर डीईआर मांडणी, म्हणजे प्रत्येक आकडा त्याच्या लांबीसह लिहिण्याची ठरलेली पद्धत, मागतात. तिथे आकड्याचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर आधी एक शून्य बाइट लावावा लागतो, नाहीतर तो आकडा ऋण समजला जातो. आर आणि एस, दोघांचाही वरचा बिट ० असण्याची शक्यता चारात एक. तुमचा कोड सरसकट ७० बाइटांची मांडणी करतोय, म्हणून तेवढ्याच सह्या पास होतात. उलट बाजूने सगळीकडे शून्य चिकटवून ७२ केलेत तर काटेकोर सर्व्हर तेही नाकारेल. सुरुवातीचे नऊ बिट शून्य आले तर एक बाइट काढावाही लागतो. हे प्रत्येक आकड्यात ५१२ वेळांत एकदा, म्हणजे २५६ सह्यांमागे जवळपास एकदा घडतं आणि ‘क्वचित कधीतरी फेल होतं’ या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच असतं. म्हणून निदान दहा हजार सह्या करून तपासा.

यानंतरही जुळलं नाही तर दोन जागा पाहा. चिप ३२ बाइटांच्या हॅशवर सही करते, लायब्ररी त्या हॅशचा पुन्हा हॅश करत नाही ना? आणि सार्वजनिक किल्ली चिपकडून ६४ बाइट येते, तर सर्व्हरला बहुधा पुढे ०४ लावलेले ६५ बाइट हवे असतात.

प्रश्न : अशी चिप बोर्डावरून उपटून दुसऱ्या बोर्डावर बसवली तर? सर्व्हरला कळेल का?

नाही. त्या चिपने फक्त ‘ही किल्ली माझ्यापाशी आहे’ एवढंच सिद्ध केलं. बोर्ड कोणता, त्यावर कोणतं सॉफ्टवेअर चाललंय, याबद्दल ती गप्प आहे. उपटायचीही गरज नाही. बोर्डाच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये परका कोड घुसला, तर तो किल्ली चोरू शकत नसला तरी हव्या तितक्या सह्या मागू शकतो. विक्रीच्या माहितीपत्रकांत हा मुद्दा सहसा सापडत नाही.

पहिली उपाययोजना म्हणजे चिप आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यात एक जोडकिल्ली ठेवणं. एटीईसीसी६०८ मध्ये ‘आयओ प्रोटेक्शन की’ याचसाठी आहे. तिच्या जोरावर बसवरची काही देवाणघेवाण झाकता येते आणि मधल्या तारेवर कुणी ‘पडताळणी ठीक’ असं खोटं उत्तर घुसवू शकत नाही. जोडकिल्ली प्रत्येक बोर्डाला वेगळी हवी आणि मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशचं वाचनसंरक्षण चालू हवं, नाहीतर सगळा खटाटोप व्यर्थ.

दुसरी म्हणजे किल्ली मायक्रोकंट्रोलरच्या पोटातच ठेवणं. ईएसपी३२-एस३ सारख्या चिपमध्ये सहीसाठी स्वतंत्र घटक आहे. आरएसए खासगी किल्ली कूटबद्ध करून फ्लॅशमध्ये राहते आणि ती उघडण्यासाठीचं गुपित ई-फ्यूजमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या बिटांत) जळवून वाचनबंद केलेलं असतं. ते फक्त हार्डवेअरला दिसतं, कोडला नाही. पण याच्या जोडीला सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं फर्मवेअर चालू देणं) नसेल तर वरचीच अडचण परत येते. क्रम असा ठेवा : आधी फ्लॅश एन्क्रिप्शन, मग सिक्युअर बूट, मग जेटॅग (डीबगचं दार) आणि यूएआरटी डाउनलोड मोड बंद. बंद करण्याचं काम अगदी शेवटी, चाचणी पूर्ण झाल्यावर. फ्यूज जळला की जळला. मूळ ईएसपी३२ च्या जुन्या आवृत्त्या घेऊ नका. २०१९ मध्ये व्होल्टेजला क्षणिक झटका देऊन त्यांच्या ई-फ्यूजमधल्या किल्ल्या बाहेर काढून दाखवल्या गेल्या. सुधारणा व्ही३ आवृत्तीत आली.

तिसरी, आणि आमच्या मते कल्पना म्हणून सर्वांत देखणी, म्हणजे डाइस. चिपमध्ये एक मूळ गुपित असतं. सुरू होताना ते गुपित आणि पुढे चालणाऱ्या कोडचा हॅश मिळून नवी किल्ली बनते आणि मूळ गुपित पुढच्या रीसेटपर्यंत झाकलं जातं. कोड बदलला की किल्लीच बदलते, त्यामुळे परक्या फर्मवेअरला जुनी ओळख मिळतच नाही. किंमत एवढीच, की तुमच्या स्वतःच्या अपडेटनंतरही किल्ली बदलते. म्हणून पहिल्या थरातला कोड छोटा आणि न बदलणारा ठेवतात आणि वरच्या थरांना त्याच्याकडून प्रमाणपत्र देतात.

प्रश्न : टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा-चिप) च्या एंडोर्समेंट कीने सही करायला गेलो तर चूक येते. मग तिचा उपयोग काय?

साच्याप्रमाणे बनलेली ईके, म्हणजे एंडोर्समेंट की, ही फक्त कूटबद्ध मजकूर उलगडण्यासाठी असते, सही तिच्याकडून होत नाही. ईके बनवणाऱ्याच्या प्रमाणपत्राला जोडलेली असल्यामुळे तिने सगळीकडे सह्या केल्या असत्या, तर प्रत्येक ठिकाणी तोच संगणक ओळखू आला असता. हे टाळायलाच ती अशी आखली आहे.

रीत अशी. सर्व्हर ईकेचं प्रमाणपत्र घेतो. ते टीपीएमच्या कायम स्मृतीत, आरएसए २०४८ साठी हेक्स ०१सी००००२ या निर्देशांकावर असतं. तो साखळी मुळापर्यंत तपासतो. उपकरण सहीसाठी वेगळी ‘एके’ (अटेस्टेशन की) बनवतं. सर्व्हर एक गुपित ईकेने आणि एकेच्या नावाने मिळून कूटबद्ध करतो. याला ‘मेक क्रेडेन्शियल’ म्हणतात. टीपीएम ‘अॅक्टिव्हेट क्रेडेन्शियल’ करताना ती एके खरोखर आपल्याच पोटात आहे का ते पाहतो आणि मगच गुपित सोडतो. ते परत आलं की एके त्याच टीपीएमची ठरली. पुढच्या सगळ्या सह्या एकेने.

प्रोसेसरमधल्या फर्मवेअर टीपीएममध्ये ईकेचं प्रमाणपत्र पुष्कळदा नसतंच, ते बनवणाऱ्याच्या सर्व्हरवरून आणावं लागतं. टीपीएम ‘क्लिअर’ केल्यावर ईके तीच परत बनते, पण साठवलेली एके जाते, म्हणजे नोंदणी नव्याने. लिनक्समध्ये रिसोर्स मॅनेजरचं उपकरण, म्हणजे नावाच्या शेवटी ‘आरएम०’ असलेलं, वापरा. नाहीतर दोन-तीन वस्तू भरल्या की ‘स्मृती संपली’ अशी चूक येते. आणि टीपीएम वेगळी चिप असेल तर एसपीआय किंवा एलपीसी तारांवरून जाणारं गुपित सरळ ऐकता येतं. त्यासाठी सत्रात पॅरामीटर एन्क्रिप्शन चालू करा, ते आपोआप होत नाही.

प्रश्न : एसरॅम पफचा (वीज दिल्यावर रॅममध्ये आपोआप उमटणाऱ्या बिटांवरून चिप ओळखण्याचा) प्रयोग करतोय. वीज दिल्यावर ८ किलोबाइट रॅम वाचली तर कधी सगळी शून्यं, कधी मागच्या वेळचाच डेटा. चिपचा ‘ठसा’ दिसतच नाही.

सगळी शून्यं तुमच्याच स्टार्टअप कोडने भरली आहेत. ‘मेन’ या मुख्य फंक्शनपर्यंत पोचण्याआधी तो बीएसएस (शून्याने सुरू होणाऱ्या चलांचा) विभाग पुसतो. वाचायचा भाग लिंकर फाइलमध्ये ‘नोइनिट’ विभागात टाका आणि स्टॅक तिथे येत नाही ना, ते पाहा. काही चिपमध्ये बूट रॉमही रॅमचा तुकडा वापरतो, तो वगळा.

मागचाच डेटा दिसतो, कारण वीज खऱ्या अर्थाने गेलेलीच नसते. डीकपलिंग कपॅसिटर भार धरून ठेवतात, किंवा यूएसबी-यूएआरटी नाहीतर डीबगरच्या तारेतून पिनच्या संरक्षक डायोडमार्गे चिपला चोरून वीज मिळत राहते. सगळ्या तारा काढा, पुरवठ्याची तार एक किलो-ओहमने जमिनीला जोडा आणि दहा सेकंद थांबा. मल्टिमीटरवर शून्याच्या जवळ दिसलं पाहिजे. थंडीत रॅम डेटा जास्त वेळ धरते, तेव्हा आणखी थांबा. रीसेट बटणाचा इथे काहीच उपयोग नाही.

मग एकाच तापमानाला वीस वेळा वाचा. एकाच चिपच्या दोन वाचनांत काही टक्के बिट वेगळे यावेत, दोन वेगळ्या चिपांत ५० टक्क्यांच्या आसपास. एकूण बिटांत १ चं प्रमाणही निम्म्याजवळ हवं. ते ढळलेलं असेल तर चूकदुरुस्तीसाठी बाहेर ठेवायच्या साहाय्यक डेटातून किल्लीचा अंश झिरपतो.

लोक फसतात ते चूकदुरुस्तीत. समजा, चुका ५ टक्के आहेत आणि २५६ बिटांच्या किल्लीतला प्रत्येक बिट पाच पेशींच्या बहुमताने ठरवला. एका बिटाचं बहुमत चुकण्याची शक्यता ०.००११६. छोटी वाटते, पण २५६ बिटांत मिळून साधारण चारातल्या एका वेळी किल्ली चुकीची निघते. पंधरा पेशी घेतल्या तर वीस हजारांतून एखाद्या वेळी, आणि त्यासाठी लागतात ३८४० बिट, म्हणजे फक्त ४८० बाइट. मात्र उष्णतेत किंवा गारठ्यात चुका १५ टक्क्यांवर गेल्या तर त्याच पंधरा पेशींनीही सुमारे सातातल्या एका वेळी अपयश येतं. म्हणून नुसत्या बहुमतावर थांबत नाहीत, त्यावर बीसीएच किंवा गोले हे चूकदुरुस्तीचे कोड चढवतात. नोंदणी खोलीच्या तापमानाला करा, चाचणी दोन्ही टोकांना.

किल्ली काढून झाल्यावर त्या पेशींत सुरुवातीचीच मूल्यं तशी पडू देऊ नका. जे मूल्य ट्रान्झिस्टर दीर्घकाळ धरून राहतात, त्याकडचा त्यांचा कल झिजतो आणि वर्षांनी बिट फिरतात. उलटी मूल्यं लिहून ठेवली तर मूळचा कल आणखी पक्का होतो.

नावात ‘नक्कल न होणारं’ असलं तरी फार भुलू नका. २०१३ मध्ये संशोधकांनी केंद्रित आयन किरणाने दुसऱ्या चिपच्या पेशी बदलून एसरॅम पफची नक्कल करून दाखवली आहे. ते कुणाच्याही टेबलावर होणारं काम नव्हे, एवढं खरं.

प्रश्न : वाय-फाय ट्रान्समीटरच्या बारीक दोषांवरून उपकरण ओळखता येतं म्हणतात. मग किल्ल्यांची कटकट कशाला?

ओळखता येतं. २००८ च्या पॅरॅडिस या प्रयोगात १३० हून अधिक एकसारख्या वाय-फाय कार्डांतून नेमकं कार्ड ९९ टक्क्यांहून जास्त वेळा ओळखलं गेलं. त्यातली एक खूण म्हणजे वारंवारितेतली चूक. २४३७ मेगाहर्ट्झवर एक पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे सुमारे २.४ किलोहर्ट्झ, आणि मानकात २५ पीपीएमपर्यंत मुभा आहे, तेव्हा कार्डांना विखुरायला जागा भरपूर. पण क्रिस्टल तापलं की हीच चूक काही पीपीएमने सरकते आणि सकाळचं कार्ड दुपारी परकं वाटतं. शिवाय २०१० मध्येच दाखवलं गेलं, की चांगला सॉफ्टवेअर रेडिओ या मॉड्युलेशनच्या खुणांची नक्कल करू शकतो. ‘हा नेहमीचा वाटत नाही’ असा संशय घ्यायला ही पद्धत झकास, दार उघडायला नको.

प्रश्न : सेन्सर वीज गेल्यावर १९७० साल दाखवतो आणि टीएलएस जोडणी फेल होते. उपकरणाच्या प्रमाणपत्राची मुदत किती ठेवावी?

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. जोडणी फेल होते ती सर्व्हरच्या प्रमाणपत्रामुळे; १९७० मध्ये ते अजून लागूच झालेलं नसतं. फर्मवेअर बनवल्याची तारीख ही किमान वेळ धरा, शेवटची माहीत असलेली वेळ अधूनमधून फ्लॅशमध्ये लिहा आणि सुरू होताना दोन्हींतली नंतरची घ्या. मग एनटीपीवरून (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सेवेवरून) नेमकी वेळ आणा. मुदतीची तपासणीच बंद करणं हा उपाय नव्हे.

कारखान्यात दिलेल्या ओळखीला, म्हणजे ८०२.१एआर मानकातल्या आयडेव्हआयडीला, ९९९९ सालच्या ३१ डिसेंबरची मुदत देतात, अर्थात ‘मुदत नाही’. रोजच्या कामासाठी तिच्या आधारे एलडेव्हआयडी हे स्थानिक प्रमाणपत्र द्या आणि त्याची मुदत एखाद्या वर्षाची ठेवा. उपकरण विकलं किंवा हरवलं तर स्थानिक प्रमाणपत्र रद्द करा, कारखान्याच्या ओळखीला हात लावू नका.